ठासणीची बंदूक, रायफल आणि गडहिंग्लजचे शिवार

स्वतंत्र भारताच्या संसदेने १९५९ मध्ये शस्त्र कायदा संमत केला. त्याच्या तेराव्या कलमात शेतकऱ्यासाठी एक खास तरतूद आहे. पिकाच्या खऱ्याखुऱ्या राखणीसाठी कोणी बंदूक मागितली, तर परवाना अधिकाऱ्याने तिचा परवाना द्यावा. मात्र ती बंदूक ठासणीची असावी. ठासणीच्या बंदुकीने भागणार नाही अशी अधिकाऱ्याची खात्री पटली, तर गुळगुळीत नळीची दुसरी एखादी बंदूक देण्याची मुभा त्याला आहे. रायफलीचे नाव या तरतुदीत कोठेही येत नाही. ती हवी असल्यास अर्जदाराने सबळ कारण दाखवावे आणि ते पटते की नाही, हे अधिकाऱ्याने ठरवावे.

तेरा वर्षांनी, १९७२ मध्ये, संसदेनेच वन्यजीव संरक्षण कायदा केला. त्या वेळी शिकार पूर्णपणे बंद झालेली नव्हती. परवाना काढून ती करता येई. त्या कायद्याच्या सतराव्या कलमात शिकारीचे नियम होते. त्यांतला एक असा, की मोठ्या जनावराची शिकार रायफलीनेच करावी. परवान्यात तशी खास नोंद असेल, तरच छर्ऱ्याच्या बंदुकीतून एकच अखंड गोळी झाडण्याची सवलत मिळे. सांबर, चितळ, भेकर आणि रानडुक्कर ही जनावरे या ‘मोठ्या शिकारी’च्या यादीत होती.

म्हणजे एक कायदा शेतकऱ्याच्या हाती ठासणीची बंदूक देत होता आणि दुसरा कायदा ज्या जनावरांपासून पीक राखायचे, त्यांच्या शिकारीला ते हत्यार अयोग्य ठरवत होता. गडहिंग्लज, आजरा, चंदगड या पट्ट्यात ज्यांचे शेत जंगलाला लागून आहे, त्यांनी हा विरोध कायद्याची पुस्तके न उघडताही पुरता ओळखला आहे. तो निर्माण कसा झाला, हे समजण्यासाठी मात्र शंभर-सव्वाशे वर्षे मागे जावे लागते.

आधी हत्यारांतला फरक पाहू. ठासणीच्या बंदुकीत तोंडाकडून दारू ओतायची, वर चिंधी किंवा काथ्याचा बोळा घालायचा, गजाने ठासायचे, मग छर्रे किंवा शिशाची गोळी, पुन्हा बोळा, आणि शेवटी कानावर टोपी बसवायची. एक बार उडाला की हे सारे पहिल्यापासून. नळी आतून गुळगुळीत असल्याने गोळी भरकटते. चाळीस-पन्नास पावलांपलीकडे नेमाचा भरवसा नसतो. रायफलीच्या नळीत आतून वळणदार आटे पाडलेले असतात. त्यांमुळे गोळी स्वतःभोवती फिरत, सरळ जाते, दोन-तीनशे पावलांवरही नेमकी लागते आणि खोल शिरते. दोन-अडीचशे किलो वजनाचा सांबर किंवा खांद्यावर जाड कातड्याची ढाल वागवणारे रानडुक्कर छर्ऱ्यांनी सहसा जागीच पडत नाही. ते जखमी होऊन रानात शिरते, कोठेतरी दोन दिवसांनी मरते, किंवा मागावर आलेल्या माणसावर उलटते. जुन्या शिकाऱ्यांच्या रीतीत जखमी जनावर सोडून घरी परतणे लाजिरवाणे मानत. १९७२ च्या कायद्याने रायफलीचा आग्रह धरला त्यामागे हाच विचार दिसतो: मारायचेच असेल, तर एका गोळीत मारावे.

मग शेतकऱ्याला रायफल का नको? याचे उत्तर पिकात किंवा जंगलात सापडत नाही. ते सापडते किल्ल्यावर आणि छावणीत.

गडहिंग्लजजवळचा सामानगड हे शिवकाळापासूनचे ठाणे. कोल्हापूर संस्थानात अशा गडांवर वंशपरंपरेने राहणारे गडकरी होते. गडाची राखण करायची आणि त्याबदल्यात गडाखालच्या जमिनी कसायच्या, ही त्यांची वहिवाट. छत्रपती अल्पवयीन असताना ब्रिटिशांनी नेमलेल्या दाजी कृष्ण पंडित यांच्या कारभारात या जमिनी मामलेदारांच्या देखरेखीखाली आणल्या गेल्या. १८४४ च्या पावसाळ्यात सामानगड आणि भुदरगड येथील गडकऱ्यांनी दरवाजे लावून घेतले. बेळगावहून फौज आली आणि १३ ऑक्टोबर १८४४ रोजी जनरल डेलामोट याच्या सैन्याने सामानगड हल्ला करून घेतला. त्यानंतर संस्थानातल्या गडांची तटबंदी पाडण्यात आली, गडकऱ्यांची वंशपरंपरागत चाकरी संपली, संस्थानी शिबंदी मोडून नवी पलटण उभारली गेली. पिढ्यान्‌पिढ्या हत्यार बाळगून शेती करणारा माणूस या भागात तेव्हापासून निव्वळ शेतकरी झाला.

तेरा वर्षांनी १८५७ उजाडले. उठावाचे निमित्त ठरलेले काडतूस एन्फिल्ड रायफलीचे होते, हे शाळेत सर्वांनी वाचलेले असते. त्या उठावानंतर रायफलीचे काय झाले, हे फारसे सांगितले जात नाही. ३१ जुलै १८५७ रोजी कोल्हापुरात सत्ताविसाव्या देशी पलटणीतील शिपायांनी उठाव केला. तो मोडला गेला आणि पलटण निःशस्त्र करण्यात आली. पुढे ब्रिटिशांनी हिंदी शिपायांसाठी एन्फिल्डचीच एक वेगळी आवृत्ती काढली. बाहेरून ती तशीच दिसे, आतल्या नळीत मात्र आटे नव्हते. आट्यांची रायफल गोऱ्या सैनिकाला, गुळगुळीत नळी हिंदी शिपायाला. नंतरच्या काळातही हिंदी पलटणींचे हत्यार गोऱ्या पलटणींच्या एक पिढी मागे ठेवण्याचा प्रघात दीर्घकाळ चालला; गोऱ्यांच्या हाती मार्टिनी-हेन्री आली, तेव्हा हिंदी शिपायाला त्यांची जुनी स्नायडर मिळाली. नळीतले आटे हा तेव्हापासून भारतात विश्वासाचा प्रश्न झाला. राज्यकर्त्याला ज्याची खात्री नाही, त्याला साधी नळी.

त्याच वर्षी सर्वसामान्य प्रजेची हत्यारे नोंदवून घेण्याचा आणि काढून घेण्याचा कायदाही आला. त्याचा सर्वांत भीषण परिणाम गडहिंग्लजच्या पूर्वेला, मुधोळ संस्थानातल्या हलगली गावी झाला. हे गाव आज बागलकोट जिल्ह्यात आहे. तिथले बेरड, कानडीत बेड, म्हणजे शब्दशः शिकारी. हत्यार त्यांच्या पोटाचे साधन होते आणि मानाचेही. नोव्हेंबर १८५७ मध्ये त्यांनी हत्यारे देण्यास नकार दिला. फौज चालून गेली, गाव जाळले, पुष्कळ माणसे लढताना पडली आणि पकडलेल्यांपैकी अनेकांना डिसेंबरमध्ये फासावर चढवण्यात आले. या प्रसंगावरची कानडी लावणी पुढे जॉन फेथफुल फ्लीट या इंग्रज अधिकाऱ्याने टिपून घेतली आणि ती आजवर टिकली आहे. बेरड समाज बेळगावच्या सीमाभागात आहे, तसा गडहिंग्लज परिसरातही आहे. हलगलीची कथा त्यामुळे इकडे परक्या मुलखाची ठरत नाही.

१८७८ मध्ये लॉर्ड लिटनच्या कारकिर्दीत हिंदुस्थानचा शस्त्र कायदा झाला आणि परवान्याखेरीज बंदूक बाळगणे गुन्हा ठरले. युरोपियन आणि अँग्लो-इंडियन यांना नियमांनी सूट होती. हिंदी लोकांत सूट मिळाली ती राजेरजवाड्यांना, निवडक प्रतिष्ठितांना आणि एका डोंगरी मुलखाला: कुर्गला. १८५७ मध्ये निष्ठावंत राहिल्याबद्दल कोडवांना हत्यारांची मोकळीक मिळाली आणि बदलत्या रूपात ती आजही चालू आहे. सह्याद्रीची तीच रांग, तशीच जंगले, तशीच रानडुकरे. कुर्गमध्ये घरोघरी बंदूक आणि आजऱ्याच्या डोंगरात अर्जावर अर्ज. हा फरक जनावरांच्या संख्येवरून पडलेला नाही, हे उघड आहे.

शस्त्र कायद्याविरुद्धचा आवाज काँग्रेसच्या आरंभकाळातच उठला. १८८७ च्या मद्रास अधिवेशनात तो शिथिल करण्याची मागणी करणारा ठराव झाला. त्यात वांशिक भेदभावाचा संताप होता, तसा हिंस्र जनावरांपुढे निःशस्त्र उभ्या राहणाऱ्या खेडुताचा मुद्दाही त्या काळच्या चर्चेत वारंवार येई. १९३१ च्या कराची ठरावातील मूलभूत हक्कांच्या यादीत तर नियमांच्या मर्यादेत शस्त्र बाळगण्याचा हक्क स्पष्टपणे नोंदवला गेला. स्वातंत्र्यानंतर राज्यघटनेत मात्र तो आला नाही. आज ही गोष्ट थोड्यांनाच आठवते.

इकडे कोल्हापूर संस्थानात शिकार हा राजवैभवाचा भाग होता. माळरानावरच्या काळविटांसाठी तर बंदुकीचीही गरज नसे. शिकवलेला चित्ता डोळ्यांवर टोपी घालून गाडीतून नेत, कळप दिसला की टोपी काढत. देशी चित्ते दुर्मीळ झाले, तेव्हा विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात कोल्हापूरने आफ्रिकेतून चित्ते आणवले. छत्रपती शाहू महाराज आणि त्यांच्यानंतर राजाराम महाराज या दोघांच्याही काळात हा शौक प्रसिद्ध होता. घाटमाथ्यावरचे दाजीपूरचे जंगल ही संस्थानाची राखीव शिकारभूमी. कोल्हापूरच्या नव्या राजवाड्यातील संग्रहालयात आज जी हत्यारे आणि पेंढा भरलेली जनावरे दिसतात, ती त्याच काळाची खूण. दाजीपूरचे जंगल टिकले ते बऱ्याच अंशी राखीव होते म्हणून, हे मान्य करावेच लागते. पण राखीव जंगलातला गवा आणि सांबर हद्द ओळखत नाही. रात्री तो खाली उतरतो आणि ज्याच्या शेतात शिरतो, त्याच्या हाती गोफण, डबा आणि मशाल एवढेच असते. माळ्यावर बसून रात्रभर हाकारे घालण्याचे काम तेव्हाही होते, आताही आहे.

१ मार्च १९४९ रोजी कोल्हापूर मुंबई राज्यात विलीन झाले. १९५१ मध्ये मुंबई राज्याने वन्य पशुपक्ष्यांच्या संरक्षणाचा कायदा केला आणि १९५८ मध्ये दाजीपूर अभयारण्य जाहीर झाले. राजाची शिकारभूमी अशी सरकारी अभयारण्य झाली. पुढे १९८५ मध्ये तिचा विस्तार होऊन राधानगरी अभयारण्य आकाराला आले. १९५९ चा शस्त्र कायदा याच सुमाराचा. त्याने १८७८ चा कायदा रद्द केला, वंशभेद पुसला, परवाना मिळणे हा काही प्रकारांत नागरिकाचा हक्क मानला. इतके सगळे बदलले, पण आट्यांविषयीचा संशय तसाच राहिला. सैन्याची काडतुसे ज्यात चालतात, त्या .३०३ सारख्या बोअरच्या रायफली ‘निषिद्ध’ ठरल्या. नागरिकांसाठी सरकारी आयुध कारखान्यांनी .३१५ बोअरची रायफल काढली. ती ज्याला परवडते आणि ज्याचे कारण अधिकाऱ्याला पटते, त्याची. पीक राखणाऱ्याला ठासणीची.

संशयाला काहीच आधार नव्हता, असे म्हणता येणार नाही. १९४८ नंतरच्या दशकात तेलंगणापासून चंबळपर्यंत बंदुकीने काय होऊ शकते, हे देशाने पाहिले होते. शिवाय उच्चशक्ती रायफलीची गोळी नेम चुकल्यास दोन-तीन मैलांपर्यंत जाऊ शकते. गडहिंग्लजसारख्या तालुक्यात एका उसाच्या फडापलीकडे वस्ती असते, त्यापलीकडे रस्ता, त्यापलीकडे दुसरे गाव. रात्रीच्या अंधारात, दहा फूट उंच उसात, हलणाऱ्या पानांवर रायफल झाडणे याचा अर्थ काय, हे कोणालाही कळेल.

नेमका हाच वाद अमेरिकेत गेली कित्येक दशके हरणाच्या शिकारीवरून चालू आहे. मध्य-पश्चिमेकडील सपाट, दाट वस्तीच्या राज्यांत हरणासाठी छर्ऱ्याच्या बंदुकीतली अखंड गोळी किंवा ठासणीची बंदूक एवढीच हत्यारे मान्य होती; रायफलीची गोळी लांब जाते, हे कारण. इंडियाना राज्याने २०१६ मध्ये खासगी जमिनीवर काही उच्चशक्ती रायफलींना मुभा दिली, तेव्हा शिकाऱ्यांमध्येच दोन तट पडले. पेनसिल्व्हेनियाच्या विधिमंडळासाठी २००७ मध्ये झालेल्या एका अभ्यासाने तर या वादाची सोपी बाजूच काढून घेतली. वरच्या कोनात सुटलेली रायफलीची गोळी सर्वांत दूर जाते हे खरे. पण प्रत्यक्षात शिकारी जसा जमिनीलगत नेम धरतो, तसा धरल्यास जड, मंद गोळी जमिनीवर आपटून उसळते आणि तिचा धोका रायफलीहून कमी असेलच असे नाही, असा त्याचा निष्कर्ष होता. तिथे ठासणीच्या बंदुकीसाठी हौशी शिकाऱ्यांना वेगळा हंगाम मिळतो. इथे तीच बंदूक गरजेपोटी घ्यावी लागते.

तिथला वाद गोळी कोठे जाईल याचा आहे. इथला वाद बंदूक कोणाकडे जाईल याचा होता आणि गोळीची चर्चा त्याच्या आड राहून गेली. त्यामुळे भारतात १९५९ किंवा १९७२ मध्ये कोणत्या भूप्रदेशात कोणते हत्यार कमी धोक्याचे, जनावराला कमी यातना देणारे, असा विचार दोन्ही कायदे एकत्र ठेवून झाला नाही. एक कायदा गृहखात्याच्या नजरेने लिहिला गेला, दुसरा शिकारी-निसर्गप्रेमींच्या. शेतकऱ्याच्या नजरेने एकही नाही.

१९७२ च्या कायद्यातले सतरावे कलम याची आणखी एक साक्ष देते. सूर्यास्तापासून सूर्योदयापर्यंत शिकारीला त्यात मनाई होती. बॅटरीचा झोत टाकून मारण्यासही मनाई होती. शिकारीचा न्याय म्हणून दोन्ही नियम उत्तम. पण रानडुक्कर शेतात येते ते रात्रीच. याच कायद्याच्या चौतिसाव्या कलमाने अभयारण्यापासून दहा किलोमीटरच्या आत राहणाऱ्या परवानाधारकांना आपली हत्यारे वनखात्याकडे नोंदवायला लावली आणि त्या पट्ट्यात नवा परवाना देताना मुख्य वन्यजीव रक्षकाची संमती आवश्यक केली. जिथे उपद्रव सर्वाधिक, तिथे बंदूक मिळणे सर्वांत कठीण. चोरट्या शिकारीच्या दृष्टीने यात चूक काहीच नाही. दाजीपूरच्या आसपास तिची भीती खरी आहे.

१९९१ च्या दुरुस्तीने शिकारीचे परवाने संपले आणि सतरावे कलमही गळाले. रायफलच हवी, असे सांगणारा नियम गेला. ठासणीची बंदूक द्या, असे सांगणारा राहिला. उरला अकराव्या कलमाचा मार्ग: उभ्या पिकाला धोकादायक झालेले जनावर मारण्याची लेखी परवानगी अधिकारी देऊ शकतो. महाराष्ट्र शासनाने २०१५ मध्ये रानडुक्कर आणि रोही यांच्यापुरती ही परवानगी स्थानिक वनाधिकाऱ्याकडून मिळण्याची वाट सोपी केली. त्याच सुमारास केंद्राने बिहारमध्ये रोही आणि रानडुक्कर, उत्तराखंडात रानडुक्कर, हिमाचलात माकडे काही काळापुरती उपद्रवी घोषित केली आणि जून २०१६ मध्ये मेनका गांधी व प्रकाश जावडेकर या दोन केंद्रीय मंत्र्यांतच जाहीर खडाजंगी झाली. मारावे की मारू नये, यावर देशभर बोलले गेले. कशाने मारावे, यावर जवळपास कोणीच बोलले नाही. केरळने २०२२ मध्ये रानडुकरांबाबतचे अधिकार स्थानिक स्वराज्य संस्थांच्या प्रमुखांकडे दिले, तेव्हा पहिली अडचण हीच आली की परवानाधारक, नेमबाज आणि योग्य बंदूक असलेली माणसे गावात आणायची कोठून.

या रिकाम्या जागेत जे शिरले, ते कोणत्याही बंदुकीहून वाईट आहे. चारापिठात गुंडाळलेला गावठी बॉम्ब डुकरासाठी ठेवला जातो आणि त्याने कुत्र्याचे किंवा गाईचे तोंड फुटते. कुंपणाच्या तारेत चोरून सोडलेली वीज रानडुकराला मारते, तशी पहाटे पाण्याची पाळी द्यायला निघालेल्या शेजाऱ्यालाही मारते. वाहनाच्या क्लच-वायरचे फास लावले जातात. त्यांत बिबट्याही अडकतो आणि सांबरही. हे सारे बेकायदेशीर आहे. ठासणीच्या बंदुकीवरचा परवाना मात्र कायदेशीर आहे, आणि निवडणूक जाहीर झाली की ती पोलीस ठाण्यात जमा करण्याची नोटीस येते. आचारसंहिता संपेपर्यंत पीक गोफणीवर. सरसकट सर्वांकडून हत्यारे जमा करून घेऊ नयेत, प्रत्येक प्रकरण छाननी करून ठरवावे, असे न्यायालयीन निर्देश आहेत. सुगीच्या हंगामात छाननीची वाट पाहत बसणे मात्र शेतकऱ्याला परवडत नाही.

दरम्यान जनावरेही बदलली. या शतकाच्या आरंभापासून कर्नाटकातून आलेले हत्ती चंदगड-आजरा भागात वावरू लागले. गवे तर गडहिंग्लजच्या बागायती शिवारापर्यंत दिसू लागले. हत्ती आणि गवा दोघांनाही कायद्याचे सर्वोच्च संरक्षण आहे, त्यांच्यावर बंदूक रोखण्याचा प्रश्नच येत नाही. त्यांच्यासाठी नुकसानभरपाईचा अर्ज, पंचनामा आणि फटाके. ठासणीची बंदूक अशा रात्री फक्त आवाज करण्यासाठी उपयोगी पडते. गोळी न घालता नुसती दारू ठासायची, आभाळाकडे नळी धरायची आणि बार काढायचा.